आमच्या घरातले तीन रविवार

भोसरीत रविवार गुरुवारी येतो. बाहेरगावचा पाहुणा हे ऐकून हसतो, पण पिंपरी-चिंचवडमध्ये ज्यांची हयात गेली त्यांना यात नवल वाटत नाही. इथल्या एमआयडीसीतल्या बहुतेक कारखान्यांना आणि वर्कशॉपना गुरुवारी सुट्टी असते. विजेची ओढाताण होती त्या काळात औद्योगिक वसाहतींना सुट्टीसाठी वेगवेगळे वार वाटून दिले, म्हणजे सगळे एकाच दिवशी बंद आणि बाकीचे सहा दिवस सगळ्यांचा भार एकदम, असं व्हायला नको. आमच्या वाट्याला गुरुवार आला. कारखाने कायद्यात रविवारऐवजी दुसरा वार धरायची सोय होतीच. आता तशी टंचाई राहिली नाही, गुरुवार मात्र राहिला. वीजवाले दुरुस्तीची कामं गुरुवारी काढतात, पुण्यात पाणी बंद ठेवायचं असलं तर महापालिकाही बहुधा गुरुवारच धरते. त्यामुळे आमच्या ह्यांची सुट्टी पुष्कळदा पंख्याविना जाते, ती गोष्ट वेगळी.

लग्न होऊन आले तेव्हा हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी साताऱ्याकडची, वडील शाळेत शिक्षक, आमच्याकडे रविवार म्हणजे रविवार. नव्या घरातल्या पहिल्या रविवारी मी निवांत उठले तर सासूबाई पोळ्या लाटत होत्या. "अगं, त्याला डबा नको का?" मला वाटलं जादा काम असेल. मग पुढच्या रविवारीही डबा, त्याच्या पुढच्याही. माझी सरकारी नोकरी, रविवारी घरी. हे कारखान्यात साचे-हत्यारं बनतात त्या टूलरूममध्ये, गुरुवारी घरी. गुरुवारी मी सकाळी निघायचे तेव्हा हे लुंगीवर बाल्कनीत पेपर वाचत बसलेले असायचे. मला त्याचा राग यायचा. रविवारी ते निघताना मी अंथरुणात असायचे, तेव्हा त्यांना यायचा. संसाराची पहिली काही वर्षं आम्ही या दोन रागांवर काढली.

आता घरात तिसरी आठवड्याची तऱ्हा आली आहे. मुलगी हिंजवडीत आयटीत आहे आणि तिचा क्लायंट अमेरिकेत. कागदावर तिला शनिवार-रविवार सुट्टी. पण तिकडचा शुक्रवार संपतो तेव्हा आपल्याकडे शनिवारची पहाट झालेली असते, त्यामुळे शनिवारी ती दुपारपर्यंत झोपते. तिकडे रविवार रात्र असते तेव्हा आपला सोमवार उजाडतो, म्हणून सोमवारी सकाळी ती निवांत. खरं तर तिची सुट्टी शनिवार दुपार ते सोमवार दुपार अशी तिरकी बसते. एका छपराखाली तीन रविवार. भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल रंगात छापलेला तो चौथा, तो फक्त सासूबाईंना लागू होतो, कारण त्या दिवशी त्या चष्मा पुसून राशिभविष्य वाचतात.

हे सगळं लिहायचं कारण असं, की हल्ली जिकडे तिकडे आठवड्याचे दिवस किती असावेत, तास किती असावेत यावर बोललं जातं. चार दिवसांचा आठवडा, बारा तासांचा दिवस, सत्तर तास, नव्वद तास. आकडेच आकडे. पाच दिवसांचा आठवडा माझ्या पदरात पडला त्याला आता बरीच वर्षं झाली, तेव्हा मलाही त्यावर दोन शब्द बोलायचा हक्क आहे असं मी धरते.

राज्य सरकारच्या मंत्रिमंडळाने १२ फेब्रुवारी २०२० ला तो निर्णय घेतला आणि २९ फेब्रुवारीपासून लागू केला. २०२० हे लीप वर्ष, आणि त्या २९ तारखेला महिन्याचा पाचवा शनिवार होता. म्हणजे ज्या शनिवारी आम्ही एरवी मस्टरवर सही करायला गेलो असतो, तोच पहिला मोकळा मिळाला. त्याआधी दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असायची, पहिला, तिसरा आणि असलाच तर पाचवा कामाचा. केंद्र सरकारच्या लोकांना पाच दिवसांचा आठवडा १९८५ पासून होता. शेजारच्या केंद्रीय कार्यालयातल्या बायका शुक्रवारी संध्याकाळी "चला, सोमवारी भेटू" म्हणायच्या तेव्हा आमच्या पोटात दुखायचं.

आमच्या कार्यालयात पेढे वाटले गेले. मी पेढा खाल्ला आणि मग हिशोब केला, कारण आस्थापना शाखेत उमेदीची वर्षं काढलेल्या बाईला हिशोब केल्याशिवाय गोड लागत नाही. पूर्वी पुण्यात आमची वेळ १० ते पावणेसहा. नवी वेळ पावणेदहा ते सव्वासहा. जेवणाचा अर्धा तास वजा केला तर सव्वासात तासांचे आठ तास झाले. वर्षाचे कामाचे दिवस २८८ वरून २६४ वर आले, पण तास २,०८८ होते ते २,११२ झाले. महिन्याला दोन तास जास्त, वर्षाला चोवीस. म्हणजे शनिवार आम्हाला कोणी बक्षीस दिले नाहीत. आमच्याच संध्याकाळी कापून, शिवून, इस्त्री करून परत दिले, आणि वर शिलाई घेतली.

लोकांना हे सांगून पटत नाही. सरकारी नोकर म्हटलं की पाच दिवससुद्धा जास्तच वाटतात. चहाच्या टपरीवरचे विनोद मला पाठ आहेत, ते पुन्हा सांगू नका. पोलीस, दवाखाने, अग्निशमन, शाळा-कॉलेजं, पाणीपुरवठा यांना हा नियम लागू नाही, हेही अनेकांच्या गावी नसतं. माझी नणंद सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. तिला पेढ्याचं काहीच सोयरसुतक नव्हतं.

बरं, तो नवा आठवडा धड अंगवळणी पडायच्या आत २५ मार्चपासून टाळेबंदी लागली. कोणता वार हेच कळेनासं झालं. शनिवार खरा हाती आला तो पुढे, सगळं सुरळीत झाल्यावर. आणि तेव्हा मला कळलं की त्या संध्याकाळच्या अर्ध्या तासाचं मोल किती होतं.

पावणेसहाला सुटलं की मी स्टेशनवर चालत जाऊन लोकल पकडायचे आणि चिंचवडला उतरायचे तेव्हा, निदान उन्हाळ्यात तरी, अजून उजेड असायचा. मंडईत भाजी बघून घेता यायची. बघून म्हणजे बघून. दिव्याखाली सगळीच मेथी हिरवी दिसते. घरी येऊन चहा व्हायचा, सासूबाईंशी चार शब्द व्हायचे, मुलगी लहान होती तेव्हा तिचा अभ्यास व्हायचा, आणि मग स्वयंपाक. सव्वासहाला सुटल्यावर पहिली लोकल चुकते, पुढचीला गर्दी, आणि घरात पाऊल टाकते ती थेट ओट्याशीच. चहा गेला. चार शब्द गेले. पुढे २०२३ मध्ये मेट्रो पिंपरीहून थेट जिल्हा न्यायालयापर्यंत आली आणि तिथे बदलून स्टेशनकडे जाता येऊ लागलं, तेव्हा थोडा वेळ परत मिळाला. पण चहा काही परत आला नाही. एकदा मोडलेली सवय पुन्हा लागत नाही, निदान चांगली सवय.

आणि शनिवार? शनिवारी मी डाळी निवडते, फ्रिज पुसते, चादरी धुते, सासूबाईंना डॉक्टरकडे नेते, नातेवाइकांकडची लग्नं आणि तेरावी उरकते. सरकारच्याच वेळवापर सर्वेक्षणात, २०२४ च्या, घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला २८९ मिनिटं घालवतात आणि ते करणारे पुरुष ८८, असा आकडा आहे. मी तो छापून फ्रिजवर लावला होता. ह्यांनी तो वाचला, चष्मा वर केला आणि विचारलं, "यात गाडी पुसणं धरलंय का?" तर सांगायचं असं, की शनिवार मोकळा झाला तसा तो घरकामाने भरला. बाईच्या हाती मोकळा दिवस आला की घर त्याच्यावर टपून बसलेलंच असतं. सुट्टीच्या दिवशी मी जितकी दमते तितकी कार्यालयात दमत नाही, तिथे निदान खुर्ची असते.

आणखी एक गंमत. शनिवारी मला वेळ असतो पण कचेऱ्या बंद, कारण कचेरीत मीच असते ना. बँकाही दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद. उलट ह्यांचा गुरुवार बघा. सगळं शहर चालू. आधारची दुरुस्ती, गॅसची तक्रार, बँकेतली केवायसी, सासूबाईंचा हयातीचा दाखला, घरपट्टी, सगळी कामं आमच्याकडे गुरुवारी आणि ह्यांच्या हातून होतात. रांगा छोट्या, साहेब जागेवर, पार्किंग मिळतं. हे तर छातीठोक सांगतात की गुरुवारसारखी सुट्टी नाही. कामं उरकायला आडवारची सुट्टी उत्तम, हे मलाही मान्य आहे. सगळं गाव एकाच दिवशी मोकळं झालं तर कोणाचंच काम होत नाही.

सासूबाईंचं मत तर आणखी निराळं. मध्यंतरी त्यांचं कंबरेचं हाड मोडलं आणि त्या बरेच महिने अंथरुणाला होत्या. तेव्हा गुरुवारी मुलगा घरी, शनिवार-रविवार सून घरी, सोमवारी सकाळी नात घरी. आठवड्यातले निम्मेअधिक दिवस कोणी ना कोणी असायचंच. "तुम्हा सगळ्यांना एकाच दिवशी सुट्टी असती तर मी सहा दिवस भिंतीकडे बघत पडले असते," त्या म्हणाल्या. आणि गुरुवारी त्या दोघांचं जे काही चालायचं! हे दत्ताच्या देवळात जाऊन यायचे, मग आईसाठी पिठलं करायचे, मग दोघं दुपारभर टीव्हीवर जुने सामने बघायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांना पिठलं येतं हे मला त्या आजारपणात कळलं. मला कधी करून घातलं नव्हतं, कारण ते करायचे त्या दिवशी मी कधी घरी नसायचे.

तेव्हा सुट्टीची दोन कामं आहेत असं मला वाटायला लागलं आहे. एक म्हणजे थकवा घालवणं, कामं उरकणं, आजारी माणसाजवळ बसणं. त्यासाठी कुठलाही वार चालतो. दुसरं म्हणजे माणसांनी एकत्र असणं, आणि त्यासाठी सगळ्यांचा वार एक लागतो. आपण चर्चा करतो ती पहिल्या कामाची. किती तास, किती दिवस. दुसऱ्याचा हिशोब कुठल्याच शासननिर्णयात नसतो.

ज्यांनी आपल्याला रविवार मिळवून दिला त्यांच्या डोक्यात मात्र दुसरं कामही असावं, असं मला त्यांच्याबद्दल वाचताना वाटत आलं आहे. रविवारची सुट्टी इंग्रजांनी दिली असं आपण सरसकट म्हणतो. त्यांच्या कचेऱ्यांना आणि शाळांना होती ती. मुंबईच्या गिरण्यांमधल्या मजुरांना नव्हती. ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी भांडून मिळवली. महात्मा फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक, स्वतः काही काळ गिरणीत नोकरी केलेले. १८८४ मध्ये त्यांनी परळला मजुरांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. मागण्या काय होत्या? रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. ती यादी वाचताना मी दर वेळी 'सूर्यास्त' या शब्दाशी थबकते. उजेडात सुटायचं, एवढं ते मागत होते.

पुढे सहा वर्षं ते चिकाटीने मागे लागले. एप्रिल १८९० मध्ये मुंबईत दहा हजार मजुरांची सभा झाली, तिच्यात दोन बायकाही बोलल्या. त्या काळात, एवढ्या पुरुषांसमोर, गिरणीतल्या बायका उठून बोलल्या. त्यांची नावं कुठे सापडली तर मला फार आवडेल. १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघाने आठवड्याची सुट्टी मान्य केली. रविवारच का, तर तो खंडोबाचा वार, असंही लोखंडे सांगत, अशी आठवण सांगितली जाते. मला ते पटतं. देवाचा वार धरला की सगळं कुटुंब आलं, जेजुरी आली, जत्रा आली. मालकाने प्रत्येक खात्याला सोयीने वेगवेगळा वार दिला असता तर मजुराची पाठ तेवढीच शेकली असती, पण सभा कुठल्या दिवशी घेणार होते? १८९७ च्या प्लेगात लोकांची शुश्रूषा करता करता लोखंडे गेले. पन्नाशीही झाली नव्हती.

माझ्या आजोळी, माण तालुक्यात, सोमवारी बैलांना जू लावत नसत. महादेवाचा वार, नंदीला आराम. आजोबांची एक जोडी होती, शेजाऱ्यांची एक. सगळ्यांचे बैल एकाच दिवशी सुटे, त्यामुळे सोमवारी संध्याकाळी सगळे गडी पारावर. बैलांना जे कळत होतं, ते आमच्या वेळापत्रकवाल्यांना कळत नाही असं मी म्हणत नाही. पण आजोबा म्हणाले असते.

आता त्या मोठ्या आकड्यांबद्दल. २०२३ मध्ये नारायण मूर्ती म्हणाले की तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं. मग २०२५ च्या जानेवारीत एल अँड टीच्या अध्यक्षांचं ९० तासांचं आणि रविवारी कामाला बोलावण्याचं बोलणं गाजलं. घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार, असा त्यांचा सवाल होता. आमच्याकडे ती चर्चा गुरुवारी रात्री झाली. हे म्हणाले, "बघायला ती घरी असायला हवी ना आधी."

त्यावर मुलगी हसली, पण तिचा चेहरा थकलेला होता. तिच्या कंपनीचं नाव मी लिहीत नाही. तिला कोणी ७० तास कर असं म्हणत नाही. फक्त रात्री साडेदहाला "अर्जंट नाही, पण जमलं तर बघ" असा निरोप येतो. आमच्या कचेरीत कोणी रात्री साडेदहाला फोन करत नाही. आमचे साहेब लोक फार तर सकाळी सातला ग्रुपवर सुविचार टाकतात.

आणि ह्यांच्या बाजूला आणखी वेगळं वारं वाहतंय. २०२५ च्या सप्टेंबरात राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर आणि दुकानं-आस्थापनांमधली नऊवरून दहावर न्यायला मंजुरी दिली. तीन महिन्यांच्या ओव्हरटाइमची मर्यादा कारखान्यांत ११५ तासांची होती, ती १४४ करायचं ठरलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्राच्या चार कामगार संहिता, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले चार कायदे, लागू झाल्या. आठवड्याचे ४८ तास तेच राहतील, बारा-बारा तास चार दिवस भरले की तीन दिवस सुट्टी घेता येईल, अशी त्याची गोड बाजू सांगतात. मला ती ऐकताना आमचा जुना पेढा आठवतो. आम्ही पाऊण तास देऊन शनिवार घेतला, इथे तर चार तासांची बोली आहे.

ह्यांनी ती बातमी वाचून पेपर बाजूला ठेवला. "आमच्याकडे बारा तास चालतंच की." हे पूर्वी ज्या छोट्या वर्कशॉपमध्ये होते तिथे खरंच चालायचं. डायचं काम अंगावर आलं की बारा-बारा तास उभं. कायद्याने ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यायचा असतो, तिथे एकपट मिळायचा, तोही दिवाळीला, बोनसमध्ये घालून, म्हणजे बोनसचाही उपकार. ते नाव घेत नाहीत त्या मालकाचं आणि मीही घेणार नाही. पण आठ तास ग्राइंडरपुढे उभं राहणं आणि बारा तास उभं राहणं यात फरक चार तासांचा नसतो, हे ते मला अनेकदा समजावून सांगतात. शेवटच्या तीन तासांत माणूस मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, विचार करत नाही, घड्याळात करतो. जॉब बिघडतो तो तेव्हा. बोटं जातात ती तेव्हा. ह्यांच्या उजव्या हाताच्या अनामिकेचं टोक अशाच एका रात्री गेलं. तीन दिवसांची सुट्टी मिळाली म्हणून तिसऱ्या दिवशी ते उगवून येणार नाही, असं ते हसत म्हणतात. मला हसू येत नाही.

माझी भाची नेदरलँड्समध्ये आइंडहोवेनला असते. ती आणि तिचा नवरा दोघंही आठवड्याला ३२ तास काम करतात, चार दिवस. तिकडे तास कमी करून मागायचा अर्ज करता येतो आणि ठोस कारणाशिवाय मालकाला तो नाकारता येत नाही. बुधवारी तिच्या मुलाची शाळा लवकर सुटते म्हणून तिने बुधवार घेतला, नवऱ्याने शुक्रवार. पगार त्या प्रमाणात कापला जातो, हे ती स्पष्ट सांगते. आपल्याकडचे लेख तेवढंच वगळतात. मी तिला विचारलं, मग तुम्ही तिघं एकत्र कधी असता? "मावशी, शनिवार-रविवार. आणि रोज संध्याकाळी सहाला जेवताना." मला त्या चार दिवसांचा हेवा वाटला नाही. त्या सहाच्या जेवणाचा मात्र अजून वाटतो.

मला विचाराल तर, पाचाचे चार दिवस झाले नाहीत तरी चालेल. मला तो पाऊण तास परत द्या. ह्यांना आठ तासांनंतर सोडा. मुलीला रात्री आठनंतर निरोप नको. शनिवार अर्धा दिवस भरायला लागला तरी मी भरीन, दुपारी दोनला घरी येईन. लहानपणी वडिलांची शनिवारची शाळा सकाळची असायची आणि दुपारी ते आम्हाला घेऊन ओढ्यावर जायचे. माझ्या संघटनेतल्या मैत्रिणींना हे लिहिलेलं आवडणार नाही. आवडू नये, त्यांचंही बरोबर आहे. ज्यांना रोज शिरूर-दौंडहून यायचं असतं त्यांना एक दिवसाचा प्रवास वाचणं म्हणजे मोठं सुख आहे. सगळ्यांना एकच माप बसवायला जाणं हीच तर खोड आहे सरकारची, आणि मी आयुष्यभर तिथेच पगार घेतला.

घरापुरता आम्ही एक मार्ग काढला आहे. आम्हाला वर्षाला आठ किरकोळ रजा असतात. पूर्वी त्या आजारपणात, पाहुण्यात, बँकेच्या कामात जायच्या. आता शक्य तेवढ्या मी गुरुवारी टाकते. पहिल्या एकदोन अर्जांनंतर साहेबांनी विचारलं, "मॅडम, गुरुवारी काय असतं? उपास?" मी हो म्हटलं. हे सोपं पडतं. नवऱ्याबरोबर बसायला रजा घेते असं टिपणीत कसं लिहायचं?

त्या गुरुवारी आम्ही बहुतेक वेळा सकाळची लोणावळा लोकल धरतो. उलट्या दिशेने असल्याने बसायला जागा मिळते. कामशेतला उतरून रिक्षाने बेडसे लेण्यांच्या पायथ्याशी जातो, पायऱ्या चढतो, अर्ध्यात दम खातो. रविवारी तिथे पोरांचे स्पीकर असतात, गुरुवारी चिटपाखरू नसतं. ह्यांना त्या खांबांवरचं काम बघायला आवडतं. दगडातला घोडा, हत्ती बघत एका खांबापाशी ते कितीतरी वेळ उभे असतात, एका डोळ्याने रेषा मोजतात. "फिनिश बघ," म्हणतात. "बिनमशीनचं." कधी नुसते चिंचवडला मोरया गोसावींच्या घाटावर बसतो आणि येताना मिसळ खातो. पिठलंही एकदा मिळालं. खरंच चांगलं करतात, थोडं तिखट.

एक गोष्ट अजून अर्धवट आहे, ती लिहून थांबते. आमच्याकडे भांड्याला आणि फरशीला मावशी येतात. आमच्या इमारतीत पाच घरं धरली आहेत त्यांनी. आमच्या सोसायटीत महिन्याला दोन खाडे चालतात, तिसऱ्या खाड्याला पैसे कापतात, हा कोणी न लिहिलेला नियम. पुण्यात १९८० मध्ये मोलकरणींनी आपणहून संप केला होता, त्यात पगारवाढीबरोबर सुट्टीचाही प्रश्न होता. २००८ मध्ये राज्याने त्यांच्यासाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. पण आठवड्याची ठरलेली सुट्टी अजूनही ज्या त्या घराच्या मर्जीवर. मला शनिवार मिळाला तेव्हा मावशींना काहीच मिळालं नाही. उलट मी शनिवारी फ्रिज आणि चादरी काढते तेव्हा त्यांचं काम वाढतं.

मागच्या महिन्यात मी त्यांना आठवड्यातून एक दिवस भरपगारी सुट्टी घ्या म्हटलं, रविवार धरा. त्या पदराने हात पुसत म्हणाल्या, "रविवार काय करू ताई? माझा पोरगा भोसरीत लागलाय, सून तिकडंच पॅकिंगला जाते. गुरुवार द्या."

मी दिला. पण त्या एका घराच्या गुरुवाराला अर्थ नाही, पाचही घरांनी द्यायला हवा. सोसायटीच्या बायकांच्या ग्रुपवर मी लिहिलं आहे. दोघींनी हो म्हटलं. एकीने आधी पगारातून कापायचं का ते ठरवू म्हटलंय. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी गुरुवारी सत्संग ठेवतात, घरी पंधरा-वीस माणसं, कपबशा कोण धुणार म्हणतात. त्यांच्याकडे आज संध्याकाळी जाऊन बोलायचं आहे, सव्वासहाला सुटल्यावर जमेल तसं.